अंगणवाडीत आणि पाळणाघरात मुलाला दुपारचं औषध द्यावं का? दिलं तर कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळी मूल अंगणवाडीत सोडते, सोबत औषधाची बाटली देते आणि सांगते, "ताई, पोराले दुपारी एक झाकण पाजून देजा, मी संध्याकाईच येतो." नाही म्हटलं तर तिची रोजी बुडते. हो म्हटलं आणि काही कमीजास्त झालं तर सगळं गाव सेविकेच्या दारात येतं. मग अंगणवाडी सेविकेनं, किंवा गावात खासगी पाळणाघर चालवणाऱ्या बाईनं, कोणते नियम ठेवावेत?

औषध देता येतं, ताई. पण तोंडी निरोपावर नाही, आणि "एक झाकण" या मापानं तर कधीच नाही.

आधी दुपारचा डोस टाळता येतो का ते पाहा. अंगणवाडी चार-पाच तासांची असते. दिवसातून एकदा किंवा दोनदा द्यायचं औषध सकाळी घरून निघताना आणि रात्री जेवताना बसतं, त्यासाठी केंद्राला मध्ये पडायची गरज नाही. दिवसातून तीनदा लिहिलेलं असेल तर आईला सांगा, "डॉक्टरांना विचार, दोनदा चालणारं औषध देता येईल का, पोरगं दिवसभर अंगणवाडीत असते." पुष्कळदा ते जमतं. मुलांच्या न्यूमोनियासाठी सरकारी उपचारपद्धतीतलं अमॉक्सिसिलिनसुद्धा दिवसातून दोनदाच आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तीनाचे दोन मात्र कोणी करायचे नाहीत. एवढं एक विचारून घेतलं तरी केंद्रात येणाऱ्या बाटल्यांपैकी बऱ्याच घरीच राहतात. पाळणाघर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा चालत असेल तर मात्र दुपारचा डोस सुटत नाही, आणि पुढचं सगळं तिथं जास्त लागू पडतं.

औषध घ्यायचं ते चार गोष्टी सोबत असतील तरच: डॉक्टरांची चिठ्ठी, औषध मूळ बाटलीत किंवा मूळ पाकिटात, आईबापांपैकी एकाची सही किंवा अंगठा असलेली परवानगी, आणि त्या औषधाचा पहिला डोस घरी देऊन झालेला. पहिल्या डोसचा आग्रह ॲलर्जीसाठी आहे. अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, तर ते आईच्या नजरेसमोर व्हावं, तीस पोरांच्या गोंधळात नाही. चिठ्ठी याच मुलाची आणि याच आजारपणाची हवी. मोठ्या भावाची गेल्या पावसाळ्यातली बाटली चालत नाही. मेडिकलवाल्यानं पाकिटावर पेनानं मारलेल्या "१-१-१" ला चिठ्ठी म्हणत नाहीत.

परवानगीचा कागद छापील नसला तरी चालतो, वहीचं पान पुरतं. त्यावर मुलाचं नाव, वय, आजचं वजन, औषधाचं नाव आणि ताकद, किती मिली, किती वाजता, किती दिवस, कशासाठी, घरी शेवटचा डोस किती वाजता दिला, आणि दुपारी नक्की उचलला जाईल असा फोन नंबर. बाटलीवरचा बॅच नंबरही उतरवून घ्या, तो का ते पुढे येईलच. "लागेल तसं द्या" एवढंच चिठ्ठीवर असेल तर परत पाठवा. किती ताप असेल तर, दोन डोसांत किती तासांचं अंतर, दिवसात जास्तीत जास्त किती वेळा, हे तिन्ही आकडे डॉक्टरांनी लिहून द्यायला हवेत. ताप औषध द्यायच्या लायकीचा आहे की नाही हे ठरवणं सेविकेचं काम नाही.

आता वजन. मुलांच्या बहुतेक औषधांचा डोस वजनावर ठरतो. बाटलीच्या लेबलवर मात्र बहुतेक वेळा वयाचे गट असतात, आणि ते गट चांगल्या अंगाच्या मुलाला धरून केलेले असतात. तीन वर्षांचं मूल साधारण चौदा किलोचं असावं. मेळघाटात, कोरचीत, झरी-जामणीत तीन वर्षांचं दहा किलोचं मूल काही नवलाचं नाही. त्याला वयाच्या हिशेबानं औषध पाजलं तर दर डोसाला जास्त जातं. गावात मुलाचं ताजं वजन नेमकं कुणाकडे असेल तर ते सेविकेकडेच: काटा तिच्याकडे, नोंद तिच्याकडे. म्हणून आई दवाखान्यात निघाली की वजन एका चिटोऱ्यावर लिहून तिच्या हातात द्या. डॉक्टर घाईत असले तरी आकडा समोर आला की डोस त्यावर बेततात.

सगळ्यात जास्त घोळ पॅरासिटामॉलचा होतो, म्हणून त्यावर जरा थांबू. हे एकच औषध मुलांसाठी तीन ताकदींत मिळतं. ड्रॉप्सच्या लहान बाटलीत दर १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम. साध्या सिरपच्या ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम. जास्त ताकदीच्या सिरपच्या ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम. डोस असतो किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. म्हणजे दहा किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. ते ड्रॉप्समध्ये दीड मिली, साध्या सिरपमध्ये सहा मिली, जास्त ताकदीच्या सिरपमध्ये तीन मिली होतं. घरात "तापाचं औषध, एक चमचा" एवढंच ठाऊक असतं. कुणी ड्रॉप्सचा पाच मिलीचा चमचा पाजला तर ५०० मिलिग्रॅम जातं, तिपटीहून जास्त. शिवाय सर्दीच्या कितीतरी मिश्र सिरपमध्ये पॅरासिटामॉल असतंच, म्हणून तापाचं आणि सर्दीचं अशा दोन बाटल्या आल्या तर दोन्हींवरचे घटक वाचा. जास्त गेलेलं पॅरासिटामॉल लगेच काही दाखवत नाही, यकृतावरचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो.

तापासाठी ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही. निमेसुलाइड बारा वर्षांखाली देण्यावर आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. तरी मोठ्यांच्या निमेसुलाइडच्या गोळीचा तुकडा करून द्यायची सवय अजून गेलेली नाही. असा तुकडा कागदाच्या पुडीत आला तर हातसुद्धा लावू नका.

मापाचं बोलायचं तर घरातला चमचा म्हणजे माप नव्हे. कुणाचा तीन मिलीचा, कुणाचा सात मिलीचा. सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज मेडिकलमध्ये थोड्या पैशांत मिळते. प्रत्येक मुलाची वेगळी, नाव लिहिलेली ठेवा आणि वापर झाला की गरम पाण्यानं धुवा. सिरिंजवर प्लास्टिकची टोपी असेल तर औषध ओढायच्या आधी ती फेकून द्या, पाजताना ती उडून घशात अडकू शकते. बाटलीच्या झाकणानं मोजायचंच असेल तर त्याच बाटलीचं झाकण, त्यावर मिलीच्या रेषा असतील तर, आणि सपाट जागी ठेवून डोळ्यांच्या उंचीवरून बघून. फवारणीच्या औषधाचं झाकण "नवं आहे, धुतलं आहे" म्हणून मापाला वापरलेलं दिसलं तर ते केंद्रात ठेवू नका. कपाशीच्या पट्ट्यात हे सांगावं लागतं, कारण घरात एकाच फळीवर दोन्ही बाटल्या असतात.

अँटिबायोटिकची कोरडी पावडर येते, तिच्यात पाणी मिसळायचं काम आईनं घरी किंवा मेडिकलमध्ये करून आणावं. उकळून थंड केलेलं पाणी आधी रेषेच्या निम्म्यापर्यंत घालायचं, जोरात हलवायचं, मग पुन्हा रेषेपर्यंत. पुष्कळ जण बाटली गळ्यापर्यंत भरतात, मग औषध पातळ होतं आणि पाच दिवस देऊनही उतार पडत नाही. उलट न हलवता पाजलं तर वरचे डोस फिके आणि तळाचे तिखट. मिसळलेली बाटली किती दिवस चालते ते लेबलवर असतं, बहुतेकांचं सात दिवस. मिसळल्याची तारीख बाटलीवर लिहिलेली नसेल तर घेऊ नका.

मूल मांडीवर बसतं किंवा अर्धवट टेकून असतं, आडवं कधीच नाही. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला, हिरडी आणि गालाच्या मध्ये. अर्धा-अर्धा मिली सोडायचा, गिळू द्यायचं, मग पुढचा. नाक दाबून तोंड उघडायला लावणं, रडताना घशात ओतणं, याच्यानं औषध श्वासनलिकेत जातं. अख्ख्या वाटीभर खिचडीत किंवा दुधात औषध मिसळू नका. मूल अर्धी वाटी टाकून उठलं की किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. आणि "गोड आहे, चॉकलेट आहे" असं म्हणून पाजू नका, ते पोरगं उद्या कपाटाकडे चॉकलेट शोधत जातं.

देण्याच्या वेळी दोन बायका हव्यात. एकीनं चिठ्ठी वाचायची, दुसरीनं बाटली. सेविका आणि मदतनीस दोघी असतातच, दोन मिनिटांचं काम आहे. मुलाचं पूर्ण नाव म्हणा. एका अंगणवाडीत दोन परी आणि तीन आर्यन असतात. मग वहीत तिथल्या तिथं नोंद:

"१४ नोव्हेंबर. परी (आडनावासह), ३ वर्षे २ महिने, १०.८ किलो. पॅरासिटामॉल सिरप १२५/५. ताप काखेत १०१.४. घरचा शेवटचा डोस सकाळी ७.००. दिलं दु. १२.४०, ६ मिली. देणारी: सेविका. पाहणारी: मदतनीस. उलटी नाही. १.४० ला ताप १००."

यातली "घरचा शेवटचा डोस" ही ओळ गाळलीत तर बाकी वही असून नसल्यासारखी. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे दुहेरी डोस: आईनं निघताना पाजलेलं असतं, आजीनं अंगणवाडीच्या दारात पुन्हा पाजलेलं असतं, आणि बाराला तुम्ही पाजता. ही ओळ भरता येत नसेल आणि फोनही लागत नसेल तर डोस देऊ नका. एक डोस चुकल्यानं जितकं बिघडतं त्यापेक्षा दुप्पट गेल्यानं जास्त बिघडतं. संध्याकाळी मूल न्यायला बहुतेक वेळा आजी किंवा थोरली बहीण येते, तिच्या तोंडी निरोप देऊ नका. नोंदीची चिठ्ठी बाटलीला रबरानं बांधून द्या.

खोकल्याच्या औषधाबद्दल माझं मत कडक आहे: केंद्रात ते घ्यायचंच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरच्या वरच्या अंगाला, छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याच्या सिरपमुळे मूत्रपिंड निकामी होऊन वीसहून जास्त मुलं गेली. त्यातल्या बऱ्याच मुलांना उपचारासाठी नागपूरलाच आणलं होतं. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रावण तपासणीत ४८.६ टक्के निघालं. मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणजे आईनं बरोबर मापानं पाजलं तरी उपयोग नव्हता. बॅच नंबर उतरवायला सांगितला तो यासाठी: सरकारनं एखादी बॅच परत मागवली तर कोणत्या मुलाच्या पोटात ती गेली हे वहीतून पाच मिनिटांत कळतं. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानं सांगितलं की दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. सर्दीच्या सिरपांतलं क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये हा इशारा तर त्याआधी, २०२३ मध्येच आलेला होता. कोणतंही सिरप चालू असलेलं मूल मलूल आहे आणि सहा-आठ तासांत लघवीला गेलेलं नाही, तर संध्याकाळपर्यंत थांबू नका, दवाखान्यात पाठवा. साध्या खोकल्याला कोमट पाणी पुरतं, वर्षावरच्या मुलाला अर्धा चमचा मध. छातीला चोळायचं कापराचं तेल मुलाच्या हाती लागू देऊ नका, कापूर पोटात गेला तर झटके येतात.

झोपेच्या औषधाचाही विषय काढायलाच हवा. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून मिळणारं प्रोमेथॅझिनचं सिरप "पोरगं दुपारी शांत झोपते" म्हणून देतात. दोन वर्षांखाली त्यानं श्वास मंदावू शकतो. असलं औषध पाळणाघरात दिसणंसुद्धा गुन्ह्यासारखं माना.

चिठ्ठीशिवाय तुम्ही स्वतः देऊ शकता ते एकच, ओआरएस. सरकारी पाकीट २०.५ ग्रॅमचं, पूर्ण एक लिटर पिण्याच्या पाण्यासाठी. दुकानात २०० मिलीसाठीची छोटी पाकिटंही मिळतात, आणि गडबड इथंच होते: मोठं पाकीट पेल्यात विरघळवलं जातं. असं पाणी नुसतं खारट लागत नाही, ते मुलाच्या अंगातलं मीठ धोक्याइतकं वाढवतं. दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ संडासनंतर ५० ते १०० मिली, दोनच्या वर १०० ते २०० मिली, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी हळू. चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाका. झिंकची गोळी मात्र घरी द्यायची. सहा महिन्यांवर रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांत १०, चौदा दिवस. हगवण तिसऱ्या दिवशी थांबते आणि गोळी बंद होते, म्हणून सेविकेनं गोळी द्यायची नाही, आईला चौदा दिवस आठवण मात्र करायची.

सरकारी मोहिमांची औषधं आशाताई, एएनएम (उपकेंद्राच्या नर्सबाई) यांच्या सांगण्यानुसार दिली जातात, पण दोन-चार गोष्टी सेविकेच्याच नजरेत हव्यात. लोहाचं सिरप सहा महिने ते पाच वर्षं, आठवड्यातून दोनदा, १ मिली. ताप, हगवण, न्यूमोनिया असेल तोवर थांबवायचं. वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या मुलाला ते द्यायचं नाही. जंताची अल्बेंडाझोल एक ते दोन वर्षांत अर्धी गोळी, दोनच्या वर पूर्ण ४०० मिलिग्रॅमची. लहानग्यांना दोन चमच्यांमध्ये चुरून पाण्यातून, मोठ्यांना चावून. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात अख्खी गोळी कोंबणं हा गुदमरण्याचा हमखास मार्ग आहे. आजारी मुलाला त्या दिवशी नाही, बरं झाल्यावर. हत्तीरोगाच्या मोहिमेच्या गोळ्या दोन वर्षांखाली नाहीत, आणि उपाशीपोटी कुणालाच नाहीत. आधी खाऊ वाटा, मग गोळ्या.

विदर्भात सिकलसेलचा, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, कागद वेगळा ठेवावा लागतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याच्या बऱ्याच अंगणवाड्यांत असं एखादं मूल असतं. पाच वर्षांपर्यंत त्याला रोज दोनदा पेनिसिलीन असू शकतं, तीन वर्षांखाली सहसा १२५ मिलिग्रॅम, नंतर २५०. सकाळ-संध्याकाळचं औषध घरीच बसतं, पण आई कामावर गावाबाहेर राहत असेल तर ते कोण देतं याची चौकशी करा. याच आजारावरच्या हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल केंद्रात उघडू नका, आणि गरोदर बाईनं तर तिला हातही लावू नये. या मुलाला १०१ च्या वर ताप म्हणजे पॅरासिटामॉल देऊन वाट पाहायचा ताप नाही. त्याच दिवशी, त्याच वेळी दवाखाना. हातापायांची सूज, पोटाच्या डाव्या बाजूला फुगवटा, एकाएकी पांढरं पडणं, हेही तसंच.

साठवणीला कपाट कुलूपबंद आणि मुलांच्या हाताच्या वर असावं. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर जातो, आणि पत्र्याखालचं लोखंडी कपाट त्याहून तापतं. लेबलवर "३० अंशांखाली" लिहिलेलं औषध तिथं टिकत नाही. उन्हाळ्यात बंद डब्यात घालून माठाशेजारी, ओल्या वाळूच्या टोपल्यात ठेवा, पण त्याला फ्रिज समजू नका. "२ ते ८ अंश" लिहिलेलं असेल तर ते औषध घरी, जिथं फ्रिज आहे तिथंच राहू द्या.

याच कपाटात गरोदर बायांच्या लोहाच्या लाल गोळ्याही असतात, आणि केंद्रातला सगळ्यात मोठा धोका मला तोच वाटतो. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह. दहा किलोच्या पोरानं खाऊच्या गोळ्या समजून दहा खाल्ल्या तर किलोमागे ६० मिलिग्रॅम गेलं, आणि तेवढ्यानं जीव जाऊ शकतो. आधी उलट्या, हगवण, कधी रक्त. मग काही तास मूल बरं वाटतं, खेळतं, घरचे निवांत होतात, आणि त्यानंतर ते कोसळतं. म्हणून गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय असला तरी, मूल हसत असलं तरी, रिकामं पाकीट सोबत घेऊन ग्रामीण रुग्णालयात.

चूक झाली तर, म्हणजे चुकीचं मूल, चुकीचं औषध, जास्त डोस, मिठाचं पाणी पाजून किंवा बोट घालून ओकारी काढू नका. बाटली, चिठ्ठी, वही घ्या, वेळ लिहा, १०८ लावा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा, आणि वाटेत आईला फोन. लपवलेली चूक डॉक्टरांना कळत नाही, आणि तेवढ्यात उतारा द्यायची वेळ निघून जाते. औषध पाजल्यावर उलटी झाली तर तो डोस स्वतःहून पुन्हा देऊ नका, आधी फोन करून विचारा. झटका आला तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा नाही, नाकाला कांदा-चप्पल नाही, पाणी नाही. झटके येणाऱ्या मुलासाठी डॉक्टरांनी नाकातला मिडाझोलामचा फवारा लिहून दिला असेल आणि दोघींना तो कसा मारायचा हे आधी दाखवलं असेल, तरच तो वापरा. पाच मिनिटं उलटली तर थांबायचं नाही. पहिलाच झटका असेल तर पाच मिनिटांचीही वाट न बघता १०८.

औषध संपलं किंवा कोर्स पूर्ण झाला की उरलेली बाटली त्याच दिवशी आईला परत. केंद्रात मागं राहिलेली बाटली दुसऱ्या पोराच्या तापाला वापरली जायला फार दिवस लागत नाहीत.